विषय क्रमांक ९ आणि विषय क्रमांक १४

नगर परिषदेच्या अगदी समोर माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे, सोळा वर्षं झाली आता, त्यामुळे सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका नगरसेवकांच्या घरी पोचायच्या आधी माझ्या मशीनमधून निघते. मी ती दरवेळी वाचते, पहिल्या ओळीपासून तर "अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय" इथपर्यंत. गाव कसं चालून राहिलं हे पेपरात फारसं येत नाही, त्या स्टेपल मारलेल्या चार-पाच पानांत येते.

मधे काही वर्षं प्रशासक होते, तेव्हा सभाच नव्हती. कागद निघायचे, मंजूर व्हायचे, पण कोणी उभं राहून विचारणारं नव्हतं. आता निवडणुका झाल्या, नवीन सभागृह बसलं, आणि फेब्रुवारीच्या सभेची पत्रिका माझ्याकडे आली तर त्यात २२ विषय. मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करणे, तुरटी आणि ब्लिचिंग पावडरची खरेदी, आठवडी बाजाराच्या वसुलीचा ठेका, घंटागाड्यांच्या टायरचं बिल, मोक्षधामात शेड, बंद पडलेले एलईडी, मोकाट डुकरं पकडायचं कंत्राट. नेहमीचंच. आणि मग विषय क्रमांक ९: "शहरातील जुन्या वास्तूंना स्थानिक वारसा म्हणून मान्यता देणे व मालकांचा सत्कार करणे."

मी मशीन थांबवलं आणि खुर्चीवर बसून वाचलं. चार नावं होती. वेस, बाजारामागची पायविहीर, कापसातली सरकी काढायच्या जुन्या जिनाचं धुराडं आणि देशमुखांचा वाडा. खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं, कारण ही नावं आम्ही लहानपणापासून "वेशीपाशी थांब", "जिनामागं राहते तो" अशी पत्ता सांगायला वापरली पण कोणत्या सरकारी कागदावर ती गावाची मिळकत म्हणून छापलेली मी पहिल्यांदाच पाहत होते.

मग पान उलटलं. विषय क्रमांक १४: "वेस ते मारोती मंदिर सिमेंट काँक्रीट रस्ता, जाडी १५० मि.मी., अंदाजपत्रकास मंजुरी देणे."

१५० मिलिमीटर म्हणजे सहा इंच. सहा इंच नवीन रस्ता, जुन्या रस्त्याच्या वरून. म्हणजे ज्या वेशीला नवव्या विषयात हार घालणार तीच वेस चौदाव्या विषयात आणखी सहा इंच जमिनीत जाणार. आणि हे कोणी मुद्दाम केलं नव्हतं, दोन वेगळ्या टेबलांवरून दोन वेगळे कागद आले आणि माझ्या मशीनमधे एकावर एक पडले, एवढंच.

आता आमच्या वेशीबद्दल थोडं सांगते, कारण बाहेरच्या माणसाला ती एक काळ्या दगडाची कमान दिसते आणि संपलं. आमचा हा भाग वऱ्हाड, कापसाचा मुलूख. कारंज्याला गेलात तर तिथं दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस, पोहा वेस आहे, म्हणजे वाट ज्या गावाकडे जाते त्या गावाचं नाव वेशीला. आमच्याकडे एकच उरली. कमानीच्या आतल्या दोन्ही अंगांना देवड्या आहेत, पहारेकरी बसायचे त्या. एका देवडीत सध्या मोचीकाका बसतात, दुसरीत कोणी ना कोणी सायकल लावून जाते. आणि आतल्या दगडांत, दोन्ही बाजूंना, एक आडवी खाच आहे. बोट घाला, दोन पेरं आत जाते. गुळगुळीत, जशी पाट्यावर वरवंट्यानं पडते तशी.

ती खाच बैलगाड्यांच्या तुंब्यांनी पडली. चाकाच्या मधोमध जो बाहेर आलेला भाग असतो तो तुंबा. कापसानं फुगलेली गाडी वेशीतून काढताना तुंबा दगडाला घासायचाच. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस बंद झाला, इंग्लंडच्या गिरण्यांनी वऱ्हाडाकडे पाहिलं, १८६७ ला तर रेल्वे नागपूरपर्यंत गेली, आणि मग या भागात जिन-प्रेस उभे राहिले, कापूस वाढला, गाड्या वाढल्या. नंतर आमची शकुंतला आली, यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर, जवळपास १९० किलोमीटरची छोटी लाइन, तीही कापसासाठीच. तिचं कोळशाचं इंजिन १९२१ मधे मँचेस्टरला बनलेलं आणि १९९४ पर्यंत तेच धावत होतं, मी आबाजींसोबत त्या गाडीत बसलेली आहे आणि डोळ्यात कोळशाचा कण गेला की आबाजी धोतराच्या सोग्यानं काढायचे. असो. सांगायचं हे की आजीचा कापूस, आबाजींची जिनातली रेच्यावरची, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रावरची, नोकरी, आमचं दोन खोल्यांचं घर, सगळं त्या खाचेतून गेलेलं आहे.

तर मी त्या दिवशी दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि टेप घेऊन वेशीत गेले. खाच रस्त्यापासून ११ इंचावर भरली. मोचीकाकांना विचारलं, गाडीचा तुंबा जमिनीपासून किती उंच राह्यते हो? ते म्हणाले, "अडीच फूट तं कुठंच नाही गेला." अडीच फूट म्हणजे ३० इंच. म्हणजे १९ इंच वेस जमिनीत गेलेली आहे! कोणी पाडली नाही, कोणी चोरली नाही. आधी मुरूम, मग खडी, मग डांबर, मग डांबरावर डांबर, मग पेव्हर. प्रत्येक वेळी एक मंजूर ठराव, एक बिल, एक रस्ता, आणि वेस एवढी एवढी खाली. पोळ्याला तोरण वेशीवरच बांधतात आमच्याकडे, झडत्या म्हणून झाल्या की तोरण तोडतात आणि पोळा फुटते, तर म्हातारी माणसं म्हणायची की पहिले तोरण कितीतरी उंच वाटायचं. आम्हाला वाटायचं आपण वाढलो म्हणून. आणि पावसाळ्यात देवडीत घोट्याएवढं पाणी साचते ते यामुळेच, रस्ता वर गेला आणि देवडी खाली राहिली, मोचीकाका जून ते सप्टेंबर पोत्याखाली विटा लावून बसतात.

आमच्या प्रभागाच्या नगरसेविका ताई पहिल्यांदाच निवडून आल्यात, शिवणक्लास चालवतात. मी त्यांना दोन्ही पानं समोर ठेवून दाखवली. त्यांनी आधी विचारलं, "पण रस्ता तं पाहिजे न, बायकांची रोजची ओरड हाय माह्यामागं." बरोबर आहे. तिथं पावसात गाड्या घसरतात, मागच्या वर्षी शाळेतून येणारी एक पोरगी पडून हात मोडला. रस्ता नको असं मला म्हणायचंच नव्हतं. मी म्हटलं ताई, रस्ता करा, पण आधी जुने थर काढा आणि मग करा. त्यांनी वहीत लिहून घेतलं, ११, १९, ६ असे तीन आकडे, आणि तेवढे आकडे सभेत कामी आले.

सभेला मागच्या बाकांवर नागरिकांना बसता येते, फार थोडे लोक जातात, मी दुकान पुतण्याला देऊन गेले. पहिले आठ विषय पाऊण तासात. तुरटीवर मात्र वीस मिनिटं, आणि ती वीस मिनिटं मला आवडली, कारण एका भाऊंनी मागच्या वर्षीचा तुरटीचा साठा आणि नळाला आलेलं गढूळ पाणी यांचा हिशोब महिन्यानिशी मांडला. असं काम पाहिलं की बरं वाटते.

नववा विषय आला तेव्हा वाड्याच्या काकू पहिल्या रांगेत, सत्कार होता म्हणून बोलावलेल्या. त्यांच्या नातवानं आधीच उभं राहून हरकत घेतली. त्याला वाटत होतं की वारसा ठरलं की आता एक खिळाही मारता येणार नाही, संडास बांधता येणार नाही, घर विकता येणार नाही. ही भीती आमच्याकडे सगळ्यांनाच आहे. मुख्याधिकारी मॅडमनी शांतपणे समजावलं आणि ते मला इथं लिहून ठेवायचं आहे कारण पुष्कळांना कामी येईल.

१०० मीटरच्या आत बांधकामाला बंदी आणि पुढच्या २०० मीटरमधे परवानगी लागते, हा नियम केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकांचा आहे. कायदा १९५८ चा, ही बंधनं कायद्यात २०१० च्या दुरुस्तीनं घातली. लोणारचं दैत्यसूदन मंदिर, अचलपूरचा हौज कटोरा हे त्यात येतात. दुसरी यादी राज्याच्या पुरातत्त्व विभागाची, १९६० च्या कायद्याखाली, सिंदखेडराजाचा लखुजी जाधवांचा राजवाडा त्यात आहे. आणि तिसरी असते ती गावाची, नगररचनेची. १९६६ चा नगररचना कायदा आणि २०२० ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली यांच्या आधारे नगर परिषद आपल्या वास्तूंची यादी करू शकते, त्यात श्रेणी १, २, ३ असतात, श्रेणी १ ला हात लावायचं बंधन सगळ्यात कडक, श्रेणी ३ मधे आतले बदल करायला बरीच मोकळीक, आणि यादी पक्की व्हायच्या आधी लोकांच्या हरकती-सूचना मागवाव्याच लागतात. आजचा ठराव म्हणजे फक्त पहिली पायरी, मॅडम म्हणाल्या, आज कोणाच्या घराला कुलूप लागत नाही.

मग काकू बोलल्या. बसूनच, काठी धरून. "मले शाल नको बाप्पा, शाली लय हायेत घरात. वाड्याचा घरटॅक्स थोडा कमी करता आला तं पाहा. माडीची एक तुळई बदलाची म्हन्लं तं सागवान कितीले येते तुमाले मालूम हाय का? आमी वाडा पाडून राहिलो नाही, तो पडून राहिला." सभागृह गप्प. त्यावर ठरावात एक ओळ वाढवली गेली की करात सवलत देता येईल का याबाबत शासनाकडे विचारणा करावी. नारळ त्यांनी घेतला, शाल घडी करून तशीच टेबलावर ठेवली. माझ्या मते त्या दिवशीचं सगळ्यात महत्त्वाचं भाषण तेच होतं, कारण सन्मानपत्र फ्रेम करून ज्या भिंतीवर लावायचं ती भिंत उभी ठेवायला दरवर्षी खर्च येते आणि तो सध्या ८१ वर्षांची बाई एकटी करते.

शकुंतलेच्या स्टेशनचं नाव यादीत का नाही असं एकानं विचारलं. ती जागा नगर परिषदेची नाही, एवढं उत्तर आलं आणि विषय पुढं सरकला. मला वाईट वाटलं. मालकी कोणाची का असेना, गावानं आपल्या यादीत नाव लिहून ठेवलं असतं तर निदान गावाला ती आपली वाटते हे कागदावर राहिलं असतं.

विषय १४ ला ताई उभ्या राहिल्या. आवाज थरथरत होता पण आकडे बरोबर सांगितले. अभियंता साहेब म्हणाले जुना थर उकरायचा तर अंदाजपत्रक बदलते, पुन्हा तांत्रिक मान्यता, मार्चच्या आत निधी खर्च झाला नाही तर परत जाते. हे खरंच आहे, त्यांनी काही टाळायला म्हणून सांगितलं नाही, आणि दोन-तीन जण म्हणाले जाऊ द्या, सहा इंचानं काय होते. तेव्हा विरोधी बाजूचे एक जुने नगरसेवक, ज्यांना मी कधी मत दिलं नाही, ते उठले. "सहा इंचानं काही होत नाही असं म्हनत म्हनतच दीड फूट गेली ना भाऊ. मी शाळेत होतो तवा त्या खाचीत हात टाकाले पाय उचलाव लागे." बस. मग तोड निघाली की पूर्ण रस्ता नाही पण वेशीच्या दोन्ही अंगांना २०-२० मीटर जुने थर काढून मगच काँक्रीट टाकायचं, वाढीव खर्च सुधारित अंदाजपत्रकात. सूचक आमच्या ताई, अनुमोदक ते विरोधी भाऊ. हा ठराव टाइप माझ्याकडेच आला आणि मी तो तीनदा तपासला.

त्याच आठवड्यात आमच्या गल्लीतले म्हातारे मिस्त्री दुकानात आले, आधार कार्डाची झेरॉक्स काढायला, तर मी त्यांना वेशीत घेऊन गेले. त्यांनी तरुणपणी वडिलांच्या हाताखाली चुन्याचं काम केलेलं आहे. कमानीच्या वरच्या भागाला कधीतरी सिमेंट फासलंय, तिथल्या विटांवर त्यांनी नुसतं बोट फिरवलं तर लाल भुगा खाली आला. म्हणाले चुना ओल घेते आणि ओल सोडते, सिमेंट ओल कोंडून ठेवते, मग ती विटेतून बाहेर पडते आणि वीट पोकळ होते, पांढरा खार फुटते तो त्याचाच. चुना कसा करायचे ते सांगितलं. कळीचा चुना खड्ड्यात विरवून मुरत ठेवायचा, मग घाणीत, म्हणजे चुना दळायच्या चक्कीत, बैल लावून विटांच्या सुरखीसोबत, म्हणजे भुकटीसोबत, दळायचा, त्यात गुळाचं पाणी, बेलफळाचा गर. "चुन्याले घाई चालत नाही पोरी, अन् आता कोनाले दम नाही." मी त्यांचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवलं आहे, ४० मिनिटं. वारसा म्हणून मान्यता द्यायची तर या हातांनाही द्यायला पाहिजे असं मला फार वाटते, कारण उद्या कमान दुरुस्त करायचं ठरलं तर निविदा निघेल, कंत्राटदार येईल, आणि गावात घाणी कशी लावायची हे सांगणारा हा एकच माणूस आहे.

काम एप्रिलात सुरू झालं, ४४ डिग्रीत. जेसीबीनं थर काढायला लागले, डांबराचे थर पापुद्र्यासारखे निघत होते, पोरं मोजत होती, एक दोन तीन चार. १३ इंच खाली गेले आणि बिडाची जुनी पाइपलाइन फुटली. पाण्याचा फवारा कमानीपर्यंत. तीन दिवस अर्ध्या गावाचे नळ बंद. आमच्याकडे नळ तसाही चौथ्या दिवशी येते, त्यात हे. बाया दुकानात येऊन बोलून गेल्या, "तुह्या वेशीपायी आमचं पानी गेलं." काय उत्तर देणार, माझ्याही घरी रांजण कोरडा होता, त्यांचा राग खोटा नव्हता. एका बाईच्या घरी लहान लेकरू, तिला मी दुकानातला वीस लिटरचा जार नेऊन दिला आणि नंतर रात्री झोप लागली नाही. टँकर आला. पाणीपुरवठ्याची तीन माणसं रात्री अकरा-अकरापर्यंत खड्ड्यात उतरून काम करत होती, त्यांना कोणी सन्मानपत्र दिलेलं नाही, म्हणून इथं लिहिते. पाइप नवीन टाकला पण त्याच्या खाली आणखी उकरायची हिंमत कोणाची झाली नाही, माझीही नाही. १३ इंचावरच थांबले आणि त्यावर सहा इंच काँक्रीट टाकलं.

चंद्रपूरला इको-प्रो या संस्थेच्या पोरांनी २०१७ मधे गोंडकालीन किल्ल्याची भिंत साफ करायला घेतली, झुडपं काढणं, कचरा उचलणं, रोज सकाळी तेच. मी तेव्हा बातमी वाचून फक्त कौतुक केलं होतं. आता कळते की त्यांनी काय केलं. वास्तू मोठी असो की आमच्यासारखी एक कमान, तिचं सगळं रोजच्या कामावरच चालते. नाली कोणत्या बाजूनं काढली, पिंपळाचं रोप बोटाएवढं असताना उपटलं की हाताएवढं झाल्यावर, लाइटच्या वायरसाठी दगडाला भोक पाडलं की खांब वेगळा रोवला. हे सगळे विषय पत्रिकेत येतात, पण "नाली दुरुस्ती" या नावानं येतात. म्हणून मी ताईंना सांगितलं आहे की चारही ठिकाणांची नावं बांधकाम विभागाच्या टेबलावर काचेखाली लावून ठेवा, म्हणजे अंदाजपत्रक करणाऱ्याला दिसतील. मीच मोठ्या अक्षरात प्रिंट काढून दिली, लॅमिनेशनसकट. आता लावली आहे, काल जाऊन पाहून आले.

मृगाचा पहिला पाऊस परवा झाला, चांगला दणकून. मी छत्री घेऊन गेले. देवडीत पाणी आलं, पण दरवर्षीसारखं घोट्याएवढं नाही, कडेकडेनं ओल होती. मोचीकाकांनी एकच वीट लावली होती. खाच मोजली, १८ इंच. अजून एक फूट वेस खालीच आहे.

आता फलकाचा मजकूर माझ्याकडे आला आहे टाइप करायला. कोणीतरी लिहून दिलं होतं "४०० वर्षे प्राचीन ऐतिहासिक प्रवेशद्वार". त्याला कागदाचा आधार कुठं, असं मी मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या मग तुम्हीच लिहा जे दिसते ते. दोन रात्री बसून एवढं लिहिलं आहे, पसंत पडलं तर सोमवारी जाईल छापायला, आणि दगडात खिळे न ठोकता बाजूला वेगळ्या लोखंडी स्टँडवर लावायचं कबूल झालं आहे:

"वेस. काळा दगड, वर विटा, चुन्यातलं बांधकाम. आत दोन देवड्या. आतल्या दोन्ही भिंतींवरच्या आडव्या खाचा कापसाच्या गाड्यांच्या तुंब्यांनी घासून पडलेल्या आहेत. हात लावून पाहा."